कोर्ट काय तपासतं आणि काय तपासत नाही : अमरावती, रामटेक आणि आपल्या पोरांच्या फाईली



२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विदर्भातले दोन मतदारसंघ जात प्रमाणपत्रामुळे गाजले. अमरावती आणि रामटेक. दोन्ही अनुसूचित जातींसाठी राखीव.

अमरावतीच्या नवनीत राणा यांचं 'मोची' जातीचं प्रमाणपत्र जात पडताळणी समितीने २०१७ मध्ये वैध ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ते रद्द केलं आणि दोन लाखांचा दंड लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि त्यांनी खासदारकीची मुदत पूर्ण केली. पुढे ४ एप्रिल २०२४ ला, अर्ज भरण्याच्या धामधुमीतच, सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि समितीचा निर्णय कायम ठेवला.

रामटेकमध्ये उलटं घडलं. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं प्रमाणपत्र समितीने मार्च २०२४ मध्ये ऐन अर्ज छाननीच्या वेळी रद्द केलं. उमेदवारी अर्ज बाद झाला. त्यांच्या जागी त्यांचे पती उभे राहिले आणि निवडून आले. सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने समितीचा तो आदेश रद्द केला आणि समितीला खर्चाचा भुर्दंडही बसवला. पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

या दोन निकालांवर आपल्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते आम्ही वाचलं. अमरावतीच्या वेळी 'न्यायव्यवस्था मनुवादी आहे', रामटेकच्या वेळी 'अखेर न्याय मिळाला'. काहींनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. आमचं म्हणणं असं आहे की या दोन निकालांमागे एकच कायदा आहे, आणि तो समजून न घेता आपण शिव्या घालतो किंवा पेढे वाटतो. नुकसान मात्र आपल्याच पोरांचं होतं. कारण खासदारकीचं जे झालं, तेच दरवर्षी मेडिकल, इंजिनिअरिंगच्या जागेचं होतं, तलाठ्याच्या नेमणुकीचं होतं, ग्रामपंचायत सदस्याच्या खुर्चीचं होतं. फक्त त्याची बातमी होत नाही.

कोर्ट चार प्रश्न विचारतं

सरकारी कचेरी, समिती, महापालिका, आयोग यांच्या निर्णयाविरुद्ध आपण रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जातो तेव्हा आपल्याला वाटतं, कोर्ट आता सगळं पहिल्यापासून बघेल. आपण खरे की ते खरे, हे ठरवेल. तसं होत नाही. कोर्ट तिथे अपील ऐकायला बसलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर खटल्यात १९९४ मध्ये हे स्पष्ट सांगितलं: न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला ती पद्धत तपासतं.

म्हणजे साध्या भाषेत कोर्ट चार गोष्टी विचारतं. एक, हा निर्णय घ्यायचा अधिकार या अधिकाऱ्याला किंवा समितीला कायद्याने होता का? दोन, ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याला आपली बाजू मांडू दिली का, आणि निर्णय देणारा स्वतः त्या भांडणात गुंतलेला नव्हता ना? तीन, समोरचा पुरावा विचारात घेतला का आणि कारणं लिहिली का? चार, निर्णय इतका मनमानी किंवा हेतूने वाकडा आहे का की शहाणा माणूस तो घेणारच नाही?

चारही उत्तरं ठीक असतील तर, निर्णय न्यायाधीशाला स्वतःला पटला नाही तरी, तो सहसा हात लावत नाही. अमरावतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. समितीने दक्षता पथकाचा अहवाल बघितला, कागद बघितले, दोन्ही बाजूंना ऐकलं आणि मत बनवलं. मग उच्च न्यायालयाने रिटमध्ये तोच पुरावा पुन्हा जोखायला नको होता. रामटेकच्या प्रकरणात तक्रार वाऱ्याच्या वेगाने हलली, आदेश घाईत निघाला, पद्धत कोलमडली. म्हणून कोर्टाने हात घातला.

राणा प्रकरणातला निकाल आम्हाला आवडला का? नाही. राखीव जागेवर कोण बसतं हा आमच्या हक्काचा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी कडकच व्हायला हवी असं आमचं मत आहे. पण इथे थोडं थांबून विचार करू. उद्या आपल्या एखाद्या मुलीला समितीने सगळे कागद बघून वैधता दिली आणि गावातल्या एखाद्या पाटलाने हायकोर्टात जाऊन 'पुन्हा सगळा पुरावा तपासा' म्हटलं, तर तिला कोण वाचवेल? हाच नियम वाचवेल. नियम आपल्याला हवा तेव्हा असावा आणि नको तेव्हा नसावा, असं मागता येत नाही.

ज्यांनी जात टाकली त्यांच्या नातवांचा प्रश्न

आता आपल्या घरात येऊ.

१९५६ नंतर आपल्या आजोबांनी, पणजोबांनी शाळेत मुलांच्या नावापुढे 'बौद्ध' लिहिलं. अभिमानाने लिहिलं. कित्येक घरांत वडिलांच्या दाखल्यावर 'महार' हा शब्दच नाही. ती नोंद पुसणं हीच त्यांची क्रांती होती. केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला मात्र १९९० उजाडावं लागलं. आणि आज नातवाला वैधता हवी असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आजोबा-पणजोबांच्या जातीचा पुरावा शोधावा लागतो. गावातल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदीचं कोतवाल बुक, एखादा जुना सातबारा किंवा फेरफार. ज्या शब्दातून आजोबा बाहेर पडले, तो शब्द नातू तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात शोधत असतो. ज्यांचं गाव धरणात गेलं, ज्यांची शाळा जळाली, जे दोन पिढ्यांपूर्वी मुंबईच्या चाळीत आले, त्यांनी काय करायचं?

२००१ पासून लागू असलेल्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, सरकारवर नाही. दुसरी, समितीचा आदेश अंतिम. त्यावर कुठलंच अपील नाही. मंत्र्याकडे नाही, आयुक्ताकडे नाही, दिवाणी कोर्टात नाही. दार एकच: अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. ही रचना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली. बोगस प्रमाणपत्रं घेऊन जागा लाटणाऱ्यांना चाप बसावा म्हणून त्या निकालाने समित्या आणि दक्षता पथकांची पद्धत घालून दिली. तो हेतू आपलाच होता, हे विसरू नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खोट्या दाव्यावर मिळालेली नोकरी किंवा पदवी सहानुभूती म्हणूनही राखता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा आपण त्याचं स्वागतच केलं होतं. समिती आपल्या राखीव जागांची राखणदार आहे. अडचण एवढीच की राखणदार कधी चोराला आत सोडतो आणि घरच्यालाच दारात अडवतो.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. नाव, जिल्हा सांगत नाही. तिच्या सख्ख्या काकांना वैधता मिळालेली होती. तरी तिचा दावा अवैध ठरला. आदेश दीड पानांचा. काकांच्या वैधतेचा त्यात उल्लेखही नाही. दक्षता पथकाचा अहवाल तिला दिलाच नव्हता, आणि त्यातलंच एक वाक्य उचलून दावा फेटाळला. घरच्यांनी दागिने मोडून हायकोर्ट गाठलं. कोर्टाने आदेश रद्द केला. मग? प्रकरण 'फेरविचारासाठी' पुन्हा त्याच समितीकडे. समितीने काही महिन्यांनी वैधता दिली. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलीने एक वर्ष घरात बसून काढलं आणि पुढच्या वर्षी जे मिळालं ते घेतलं. कागदावर ती केस आपण जिंकली.

अशी जिंकलेली केस आम्हाला झोपू देत नाही.

बाबासाहेबांनी दार उघडलं, पण त्याआधी काय होतं?

काही मित्र म्हणतात, कोर्टाच्या नादी लागायचंच कशाला? रस्त्यावर उतरू. रस्ता लागतोच. २० मार्च २०१८ च्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली, तेव्हा २ एप्रिलचा भारत बंद झाला म्हणून संसदेला त्याच वर्षी कायदा दुरुस्त करावा लागला. पण कोर्टाचं दार नसतं तर काय होतं, हे महाडला विचारा.

मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. सार्वजनिक संस्था स्वतःचा ठराव पाळत नाही, मार खाल्लेल्यांच्या डोळ्यांदेखत तो रद्द करते, आणि तिला जाब विचारायला महाडच्या माणसाकडे सोपा कायदेशीर मार्ग नाही. कारण सरकारी संस्थेला आदेश देणाऱ्या रिट तेव्हा फक्त मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन उच्च न्यायालयांकडे होत्या, त्याही मुख्यतः त्या शहरांच्या हद्दीपुरत्या. कुलाबा जिल्ह्यातल्या अस्पृश्याला त्यांचा उपयोग नव्हता.

उलट कोर्टात सवर्णच गेले. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी बाबासाहेब आणि सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि दावा लढवला. तो दावा खालच्या कोर्टातून वर चढत मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. जवळपास दहा वर्षं. आणि जिंकलो कशावर? समतेच्या तत्त्वावर नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकाळापासूनची रूढी आहे असा सवर्णांचा दावा होता, आणि ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. पुराव्यावर जिंकलो. बाबासाहेबांनी त्या लढ्यात भाषणांइतकीच कागदांवर मेहनत घेतली होती.

हा अनुभव असलेला माणूस पुढे संविधान लिहायला बसला. ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी घटनात्मक उपायांच्या हक्काला, आजच्या अनुच्छेद ३२ ला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं, ते काही सुंदर वाक्य म्हणून नव्हे. दाद मागण्याची सोय नसेल तर हक्क म्हणजे चवदार तळ्याचा १९२४ चा ठराव, हे त्यांना ठाऊक होतं. अनुच्छेद ३२ मूलभूत हक्कांसाठी. अनुच्छेद २२६ त्याहून रुंद. मूलभूत हक्कांसाठी आणि इतरही कायदेशीर हक्कांसाठी, देशातल्या प्रत्येक उच्च न्यायालयाला. आज गडचिरोलीच्या पाड्यावरचा माणूस तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध नागपूर खंडपीठात उभा राहू शकतो. हे दार आपल्या बापाने उघडून दिलं आहे. ते शिव्या घालून बंद करून घ्यायचं नाही.

पण दार म्हणजे घर नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं.

केस कचेरीतच तयार होते

या सगळ्यातून आम्ही एक निष्कर्ष काढतो. कोर्ट जर पद्धतच तपासणार असेल, तर आपली खरी लढाई कोर्टाच्या आधी, समितीच्या टेबलावर आहे. तिथे जो कागद दाखल झाला नाही, तो हायकोर्टात सहसा उपयोगी पडत नाही. तिथे जो आक्षेप लिहून दिला नाही, तो घेतला होता हे कुणी मानत नाही.

आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल खटल्यात १९७७ मध्ये सांगितलं की सरकारी आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे. नंतर कोर्टात शपथपत्र देऊन नवी कारणं जोडता येणार नाहीत. म्हणून कचेरीतला बाबू तोंडी 'होणार नाही' म्हणतो तेव्हा ते आपल्या काहीच कामाचं नसतं. 'साहेब, लेखी द्या' हे तीन शब्द आपल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजेत. लेखी कारण मिळालं की ते कारण तपासता येतं.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. दक्षता पथकाचा अहवाल विरोधात असेल तर त्याची प्रत मिळणं आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळ मिळणं हा आपला हक्क आहे. माधुरी पाटील निकालातच तो आहे. प्रत मिळाली नाही तर सुनावणीच्या दिवशी तसं लेखी नोंदवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर ती आणि वंशावळ सोबत जोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे की अशी वैधता फसवणुकीने मिळालेली नसेल तर समितीने सहसा वेगळं मत घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याला एक जोड दिली: आधीची वैधता रीतसर चौकशी करून दिली होती का, हे समिती बघू शकते. म्हणजे काकांचं प्रमाणपत्र एकटं पुरत नाही, काकांची फाईलही घरात जपून ठेवा. आणि आदेश विरोधात गेला तर रडत बसू नका, उशीर करू नका. उशीर हे याचिका फेटाळायचं सगळ्यात सोपं कारण आहे.

बोगस दाव्यांबाबतही हेच. राखीव जागेवर कुणी खोटं प्रमाणपत्र आणलं असं वाटत असेल तर फेसबुकवर पोस्ट टाकून ते सिद्ध होत नाही. समितीची सुनावणी चालू असतानाच तक्रारदार म्हणून कागदांसह हजर राहावं लागतं. समितीत हरलेली बाजू रिटमध्ये सावरणं किती अवघड आहे, हे अमरावतीने दाखवून दिलं.

मागणी कशाची करायची?

एवढं सगळं केलं तरी त्या मुलीचं गेलेलं वर्ष परत येत नाही. इथे प्रश्न एकट्या अर्जदाराच्या हुशारीचा राहत नाही, तो राजकीय होतो. समितीने चूक केली तर समितीचं काय जातं? काहीच नाही. चुकीची किंमत फक्त अर्जदार मोजतो. मग समिती काळजी का घेईल?

१३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझर कारवाईच्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने एक महत्त्वाची गोष्ट केली. घर पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसहित आदेश हे तर सांगितलंच. शिवाय निर्देश धाब्यावर बसवून घर पाडलं तर अधिकाऱ्याने ते स्वतःच्या खर्चाने उभारून द्यावं, असंही म्हटलं. अधिकाऱ्याच्या खिशाला हात लागला की नियम लगेच आठवतो.

हेच तत्त्व जात पडताळणीत का नको? आमच्या मागण्या तीन आहेत. समितीचा आदेश पद्धत मोडल्यामुळे रद्द झाला तर त्या विद्यार्थ्याची जागा त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी जादा जागा निर्माण करून द्या. हायकोर्टाचा स्पष्ट निकाल असताना तो डावलून आदेश काढणाऱ्या सदस्यांवर वैयक्तिक खर्च बसवा. रामटेकला जे एका नेत्याच्या घरासाठी झालं ते शेतमजुराच्या पोरासाठीही व्हावं. आणि अर्ज वेळेत निकाली काढण्याची मुदत फक्त कागदावर न ठेवता, मुदत उलटली तर त्याचा तोटा अर्जदाराला होणार नाही असा नियम करा. दरवर्षी प्रवेशाच्या तोंडावर वैधता सादर करायला मुदतवाढ मागत मंत्रालयाच्या चकरा मारणं हा काही उपाय नव्हे.

या मागण्या कोर्ट पूर्ण करणार नाही. धोरण ठरवणं आपलं काम नाही असं कोर्ट म्हणेल, आणि त्याच्या जागी ते बरोबर असेल. त्यासाठी विधानसभा आहे, रस्ता आहे, आपली संघटना आहे.

दरम्यान एक काम आपण आजच सुरू करू शकतो. प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांसाठी ठेवा. दहावीत गेलेल्या प्रत्येक मुलाची वंशावळ लिहा, आजोबांच्या गावच्या शाळेतला उतारा काढा, कुणाकडे वैधता आहे त्याची यादी करा. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा दोन वर्षं आधी फाईल तयार असू द्या. विहारात एक लोखंडी कपाट आणि दोन शिकलेली पोरं एवढं भांडवल पुरेसं आहे.

जयभीम! जय संविधान!